विश्लेषण : ‘सर्व्हर डाऊन’ होतो तेव्हा नेमके काय बिघडते? डिस्कचा दोष कसा शोधतात?

पावसाळा तोंडावर आला की भोर तालुक्यात भाताच्या रोपांबरोबर कागदांचीही धावपळ सुरू होते. आंबवड्याच्या शेतकऱ्याला विकास सोसायटीकडून पीककर्ज हवे तर सातबारा आणि आठ-अ लागतो. पीक विम्याची मुदत गाठायची तरी हेच कागद लागतात. सेवा केंद्रात गेल्यावर कधी उतारा दोन मिनिटांत हातात पडतो, तर कधी ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ एवढेच उत्तर मिळते. सर्व्हर म्हणजे काय, तो ‘डाऊन’ का होतो आणि उद्या तो सुरू होईल हे कशावरून, हे प्रश्न खिडकीच्या बाहेरच राहतात. ‘सर्व्हर डाऊन’ या दोन शब्दांखाली किमान तीन वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. त्यातला सर्वात कमी चर्चेतला आणि सर्वात महागात पडणारा बिघाड म्हणजे माहिती साठवणाऱ्या यंत्रणेतला दोष. तो कसा होतो, कसा शोधतात आणि तो झाल्यावरही सेवा सुरू का राहायला हवी, याचा हा आढावा.

‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके काय बंद पडते?

पहिला प्रकार गर्दीचा. एकाच वेळी लाखो जण एकाच संकेतस्थळावर आले की मागणी क्षमतेच्या बाहेर जाते. २०२४ च्या जुलैत ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा अॅप संथ झाल्याचा अनुभव राज्यभरातील महिलांनी घेतला. या प्रकारात यंत्र धड असते, फक्त रांग लांब झालेली असते. रात्री उशिरा प्रयत्न केला की काम होते, ही त्याची सोपी खूण.

दुसरा प्रकार वाटेचा. सर्व्हर सुरू असतो, पण तिथपर्यंत जाणारी केबल तुटलेली असते किंवा मोबाइल टॉवरची वीज गेलेली असते. डोंगराळ भोर आणि राजगड (वेल्हे) तालुक्यांत हा अनुभव नवा नाही. एकाच गावात सर्व संकेतस्थळे बंद असतील, पण पुण्यात तीच सुरू असतील, तर दोष बहुधा वाटेत असतो.

तिसरा प्रकार साठवणुकीचा. सर्व्हर हा मुळात एक ताकदवान संगणक. त्याचा प्रोसेसर हिशेब करतो, मेमरी चालू कामापुरते लक्षात ठेवते आणि डिस्क सगळे कायमचे जपून ठेवते. प्रोसेसर किंवा मेमरी बिघडली तर नवी बसवता येते आणि काम पुढे चालू होते. डिस्कही नवी मिळते, पण जुन्या डिस्कवरच्या नोंदी नव्या डिस्कसोबत येत नाहीत. म्हणून पहिल्या दोन प्रकारांत लोकांचा वेळ जातो, तर तिसऱ्यात नोंदीच जाऊ शकतात.

मुंबईत २४ फेब्रुवारी २०२१ रोजी काय घडले?

साठवणूक यंत्रणेने ऐन वेळी साथ सोडली की काय होते, याचे आपल्याकडचे सर्वात ठळक उदाहरण मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजाराचे (एनएसई) आहे. त्या बुधवारी सकाळी ११.४० वाजता एनएसईला व्यवहार थांबवावे लागले. दुसऱ्या दिवशी वायदे करारांची मासिक समाप्ती होती, त्यामुळे बाजारात उलाढाल जोरात होती. मुंबई शेअर बाजार (बीएसई) सुरू होता, पण ज्यांचे सौदे एनएसईवर अडकले होते ते हात चोळत बसले. व्यवहार पुन्हा सुरू झाले ते दुपारी ३.४५ वाजता आणि बाजार सायंकाळी पाचपर्यंत चालवावा लागला.

एनएसईने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार सुरुवात झाली ती रस्त्याच्या खोदकामाने. मुख्य केंद्र आणि जवळचे पर्यायी केंद्र यांना जोडणाऱ्या दूरसंचार वाहिन्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या होत्या, जेणेकरून एक तुटली तर दुसरी असेल. या केंद्रांदरम्यानच्या रस्त्यावरील खोदकाम आणि बांधकामामुळे दोन्हीही विस्कळीत झाल्या. हा झाला वाटेचा दोष. एवढ्यावर बाजार बंद पडायचे कारण नव्हते, कारण मुख्य केंद्रातील यंत्रे धडधाकट होती.

खरा घोळ पुढे झाला. एनएसईची माहिती ‘सॅन’ या साठवणूक यंत्रणेत होती. सॅन म्हणजे अनेक सर्व्हरसाठी मिळून ठेवलेले डिस्कचे एक सामाईक कोठार. एकही नोंद गहाळ होऊ नये म्हणून प्रत्येक नोंद दोन्ही केंद्रांत एकाच वेळी लिहिली जाई. वाहिन्या तुटल्यावर मुख्य केंद्रातल्या सॅनने एकट्याने काम सुरू ठेवायला हवे होते. प्रत्यक्षात ते सर्व्हरना मिळेनासे झाले. पुरवठादाराने त्यात बसवलेला तर्क एनएसईने मागितलेल्या रचनेप्रमाणे नव्हता, असे एनएसईचे म्हणणे होते. परिणामी एनएसई क्लिअरिंगची जोखीम व्यवस्थापन यंत्रणा बंद पडली. सौदा करणाऱ्याकडे पुरेशी रक्कम आहे की नाही हे तपासणारी ही यंत्रणा. ती नसताना बाजार चालू ठेवणे म्हणजे तराजूशिवाय धान्य विकणे.

चेन्नईत एनएसईचे आपत्कालीन केंद्र असतानाही व्यवहार चार तास बंद राहिले. त्यानंतर मार्च २०२१ मध्ये ‘सेबी’ने शेअर बाजारांसाठी मिनिटांची अट घातली. अत्यावश्यक यंत्रणा कोलमडल्यास ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत करायचे, गरज पडल्यास आपत्कालीन केंद्रातून. हे प्रकरण २०२३ मध्ये एनएसई आणि एनएसई क्लिअरिंगने मिळून सुमारे ७२ कोटी रुपये भरून तडजोडीने मिटवले.

या घटनेत सगळे काही दुहेरी होते. वाहिन्या दोन, केंद्रे दोन, नोंदींच्या प्रती दोन. एक बाजू पडल्यावर दुसरीने काम कसे घ्यायचे, ती सांधणीच चुकीची निघाली.

डिस्क बिघडते तरी का आणि किती वेळा?

जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला ५,४०० ते १५,००० वेळा फिरतात आणि वाचणारे टोक त्यांच्यापासून केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी अंतरावर तरंगते. धक्का, उष्णता, विजेतील चढउतार किंवा नुसते वय यांमुळे चकतीचा एखादा भाग वाचता येईनासा होतो. त्याला ‘बॅड सेक्टर’ म्हणतात. नव्या पद्धतीच्या एसएसडीमध्ये फिरणारे काही नसते, मात्र तिच्या पेशींवर ठरावीक वेळाच लिहिता येते. वही जशी खोडून खोडून फाटते, तशा त्या झिजतात.

‘बॅकब्लेझ’ ही अमेरिकी कंपनी आपल्याकडील लाखो डिस्कच्या बिघाडाची आकडेवारी नियमित प्रसिद्ध करते. तिच्या २०२३ च्या अहवालानुसार वर्षभरात बिघडणाऱ्या डिस्कचे प्रमाण १.४ टक्के होते. घरात एक संगणक असलेल्याला हा आकडा नगण्य वाटेल. पण १,००० डिस्क असलेल्या डेटा सेंटरसाठी त्याचा अर्थ वर्षाला १४ बिघाड, म्हणजे महिन्याला एकाहून अधिक. अशा ठिकाणी डिस्क बिघडणे ही आपत्ती मानून चालत नाही. ते दिवाबत्तीसारखे रोजचे काम आहे.

बिघाडाची चाहूल आधी लागते का? बहुतेक डिस्कमध्ये स्वतःची प्रकृती नोंदवणारी ‘स्मार्ट’ नावाची सोय असते. गुगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये १ लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पृष्ठभाग तपासताना पहिली त्रुटी आढळलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असल्याचे त्यात दिसले. म्हणजे इशारा मिळाला तर तो गंभीरपणे घ्यायलाच हवा. त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष मात्र झोप उडवणारा आहे. बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांमध्ये चार ठळक इशाऱ्यांपैकी एकही आधी दिसला नव्हता. इशारा नाही याचा अर्थ धोका नाही, असे म्हणता येत नाही.

दोष डिस्कमध्येच आहे हे कसे ओळखतात?

डिस्कचा बिघाड चोरपावलांनी येतो. पूर्ण मेलेली डिस्क लगेच सापडते. अर्धमेली डिस्क आठवडेच्या आठवडे छळते. सर्व्हर अधूनमधून गोठतो, पुन्हा सुरू केला की काही तास चालतो, मग पुन्हा गोठतो. त्यामुळे संशय आधी सॉफ्टवेअरवर, मग नेटवर्कवर आणि शेवटी डिस्कवर जातो.

पहिली खूण अशी. सर्व्हर जिवंत असल्याची हाक दिली तर तो उत्तर देतो, पण आत प्रवेश करायला गेले की पडदा नुसता थांबून राहतो. कारण हाकेला उत्तर द्यायला डिस्क लागत नाही, प्रवेशासाठी लागते. दुसरी खूण, कामांची रांग वाढलेली, पण प्रोसेसर मात्र रिकामा. बँकेत गर्दी आहे, रोखपालही जागेवर आहे, पण तिजोरीची किल्लीच फिरत नाही, असा तो प्रकार. लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये अशी डिस्कसाठी ताटकळलेली कामे ‘डी’ या अक्षराने दिसतात आणि ती बळेच बंदही करता येत नाहीत.

त्यानंतर पाहायचे ते नोंदवही, म्हणजे लॉग. त्यात वाचन-लेखनाच्या त्रुटी किंवा डिस्कशी संपर्क तुटून पुन्हा जोडल्याच्या ओळी असतील तर दिशा पक्की होते. कधी कधी यंत्रणा स्वतःच्या बचावासाठी डिस्क ‘फक्त वाचा’ या स्थितीत टाकते. मग संकेतस्थळ उघडते, जुनी माहिती दिसते, पण नवा अर्ज जमा होत नाही. इथे एक मेख आहे. लॉगही त्याच डिस्कवर लिहिला जात असेल, तर डिस्क थांबते त्या क्षणी लॉगही थांबतो आणि नेमकी शेवटची, कामाची ओळ मिळत नाही. म्हणून जाणती मंडळी लॉगची एक प्रत दुसऱ्या यंत्राकडे पाठवत राहतात.

डिस्कवर संशय घेण्याआधी ती भरली तर नाही ना, हे पाहणे आवश्यक असते. हे क्षुल्लक वाटेल, पण २९ ऑगस्ट २०२३ रोजी ‘टोयोटा’चे जपानमधील १४ कारखाने एवढ्याच कारणाने थांबले होते. सुट्या भागांच्या मागणीची यंत्रणा चालवणाऱ्या सर्व्हरवर देखभालीच्या वेळी डिस्कमधील जागा संपली. पर्यायी सर्व्हरही त्याच रचनेवर असल्याने त्याच कारणाने बंद पडला.

जागा शिल्लक असेल तर ‘स्मार्ट’चे आकडे पाहतात. त्यात चार ओळी महत्त्वाच्या. पाचव्या क्रमांकाची ओळ खराब झाल्याने बदललेले सेक्टर सांगते, १९७ क्रमांकाची ओळ संशयित सेक्टर, तर १९८ क्रमांकाची ओळ वाचता न आलेले. हे आकडे दर आठवड्याला वाढत असतील तर डिस्कचे दिवस भरले. १९९ क्रमांकाची ओळ मात्र वेगळी आहे. ती वाढत असेल तर माहिती डिस्कपासून निघून वाटेत खराब होत असते, म्हणजे दोष बहुधा केबल किंवा जोडणीत असतो. शंभर-दोनशे रुपयांची केबल सैल असताना नवी डिस्क आणण्याचे प्रकार यामुळेच घडतात.

दोष डिस्कचा की जागेचा, हे ठरवण्याची एक साधी युक्ती आहे. माहितीची प्रत सुरक्षित असेल तर संशयित डिस्क दुसऱ्या खणात बसवून पाहायची. दोष डिस्कबरोबर नव्या खणात गेला तर गुन्हेगार डिस्क. जुन्याच खणात राहिला तर केबल, खण किंवा डिस्कचे नियंत्रण करणारे कार्ड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा यातला नियम. केबल, कार्ड आणि डिस्क एकदम बदलली तर सर्व्हर सुरू होईल, पण दोष कुठे होता ते कळणार नाही आणि तो भाग दुसऱ्या कुठल्या यंत्रात जाऊन बसेल.

दुरुस्तीच्या घाईत काय बिघडते?

बंद पडलेला सर्व्हर पुन्हा पुन्हा चालू-बंद करणे हा सर्वात प्रचलित उपाय आणि अर्धमेल्या डिस्कसाठी सर्वात घातक. प्रत्येक वेळी सुरू होताना यंत्रणा डिस्कवर काहीबाही लिहिते. ‘डिस्क तपासा व दुरुस्त करा’ अशा आज्ञा तर आणखी धोक्याच्या. त्या निरोगी डिस्कवरील विस्कटलेली मांडणी नीट करण्यासाठी असतात. मरणासन्न डिस्कवर त्या चालवल्या की उरलेसुरले वाचनही तिला झेपत नाही.

योग्य क्रम उलटा आहे. आधी लिहिणे थांबवायचे. मग ‘डीडीरेस्क्यू’सारख्या साधनाने डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या निरोगी डिस्कवर काढायची. हे साधन सहज वाचता येणारा भाग आधी उचलते आणि खराब भागाकडे शेवटी वळते. त्यानंतरची सगळी दुरुस्ती या प्रतीवर करायची. मूळ डिस्क बाजूला जपून ठेवायची.

दुसरी चूक चुकीची डिस्क काढण्याची. आठ डिस्कच्या कपाटात तिसरी बिघडली असताना मोजणी शून्यापासून की एकापासून, या गोंधळात चांगली डिस्क काढली जाते आणि धडधाकट असलेला संच कोसळतो. प्रत्येक डिस्कवर तिचा अनुक्रमांक बाहेरून दिसेल असा चिकटवणे, हा यावरचा बिनखर्ची उपाय.

तिसरी चूक खरेदीच्या वेळीच झालेली असते. घरगुती संगणकाची स्वस्त डिस्क खराब सेक्टर वाचण्यासाठी एकेक मिनिट धडपडत राहते. एकट्या संगणकात ते बरेच, कारण दुसरी प्रत नसते. पण सर्व्हरमधील संचात नियंत्रक काही सेकंद वाट पाहतो आणि उत्तर न देणारी डिस्क मेली असे समजून तिला संचाबाहेर काढतो. सर्व्हरसाठीच्या डिस्क म्हणूनच साधारण सात सेकंदांत हार मान्य करून ‘हे वाचता येत नाही’ असे कळवतात. स्वस्तातील डिस्क बसवलेले सर्व्हर अधूनमधून कारण नसताना कोसळल्यासारखे वाटतात, त्यामागे अनेकदा हे असते.

‘रेड’ असताना माहिती कशी जाते?

अनेक डिस्क एकत्र बांधून एक बिघडली तरी काम चालू ठेवण्याच्या पद्धतीला ‘रेड’ म्हणतात. आंबवड्याचा संस्थानकाळातील झुलता पूल डोळ्यांपुढे आणा. तारांवर तोललेल्या अशा पुलाची एक तार निकामी झाली तर तिचा भार उरलेल्या तारांवर येतो. पूल लगेच पडत नाही, पण उरलेल्या तारा आधीपेक्षा जास्त ताणात असतात. रेडमध्येही तसेच होते. नवी डिस्क बसवल्यावर तिच्यावरील माहिती पुन्हा तयार करण्यासाठी उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. १० टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने भरायची तर साडेअठरा तास लागतात, तेही लोकांचे काम पूर्ण थांबवले तर. या तासांत दुसरी डिस्क गेली की एकच बिघाड सोसण्यासाठी बांधलेला संच संपतो.

दुसरी डिस्क नेमकी तेव्हाच जाण्याची शक्यता वाटते तेवढी कमी नसते. एकाच दिवशी, एकाच खोक्यातून काढलेल्या डिस्क एकाच वयाच्या असतात. याचे टोकाचे उदाहरण नोव्हेंबर २०१९ मध्ये समोर आले. ‘एचपीई’ने ग्राहकांना कळवले की आपल्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील. म्हणजे तीन वर्षे, २७० दिवस आणि आठ तास. ३२,७६८ म्हणजे दोनचा पंधरावा घात. संगणकाच्या तासमापकाचा आकडा ओलांडला जाण्याचा हा ओळखीचा टप्पा. बंद पडल्यावर डिस्कही वाचणार नव्हती आणि माहितीही. एकाच वेळी सुरू केलेल्या डिस्क जवळपास एकाच वेळी जाणार होत्या, म्हणजे रेडचा काही उपयोग नव्हता. उपाय होता डिस्कमधील अंतर्गत आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, वेळेत बदलणे. पुढच्याच वर्षी ४०,००० तासांवर बंद पडणाऱ्या डिस्कबाबत असाच दुसरा इशारा द्यावा लागला.

शिवाय रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली नोंद रेड तत्परतेने सगळ्या डिस्कवरून पुसते. कालची स्थिती परत आणायची तर कालची प्रत वेगळी ठेवलेली असावी लागते.

टोकियो आणि कोरियाचा धडा काय?

१ ऑक्टोबर २०२० रोजी टोकियो शेअर बाजार दिवसभर बंद राहिला. एका सामाईक साठवणूक यंत्रातील मेमरी बिघडली होती. दुसरे यंत्र शेजारी तयार होते, पण काम त्याच्याकडे आपोआप गेले नाही. यंत्राच्या नव्या आवृत्तीत एका सेटिंगचा अर्थ बदलला होता, मात्र ‘फुजित्सू’च्या माहितीपुस्तिकेत जुनाच अर्थ राहिला होता. पुस्तिकेप्रमाणे केलेली जुळणी पाच वर्षे निर्धोक वाटली, कारण मेमरी बिघडल्यावर काय होते याची चाचणी त्या काळात झाली नव्हती. बाजाराचे अध्यक्ष कोइचिरो मियाहारा यांनी त्या नोव्हेंबरअखेर राजीनामा दिला.

दक्षिण कोरियात तर प्रकरण नोंदी जाण्यापर्यंत गेले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटरीला आग लागली आणि सहाशेहून अधिक सरकारी सेवा बंद पडल्या. त्यातील बऱ्याच सेवा दुसरीकडील प्रतींवरून टप्प्याटप्प्याने परत आल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फाइली ठेवणारी ‘जी-ड्राइव्ह’ मात्र जळाली. तिचे आकारमान ८५८ टेराबाइट होते आणि एवढ्या मोठ्या साठ्याची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती.

मुंबई, टोकियो आणि देजॉन या तिन्ही ठिकाणी पैसा किंवा तंत्रज्ञान कमी नव्हते. मुंबई आणि टोकियोत पर्यायी यंत्र होते, पण बिघाड होईल तेव्हा ते नेमके कसे वागेल याची पुरेशी खातरजमा झाली नव्हती. देजॉनमध्ये पर्यायी प्रतच नव्हती.

भोरसारख्या तालुक्यात याचा संबंध कुठे येतो?

सातबारा, रेशन किंवा दस्तनोंदणीचे सर्व्हर गावात नसतात, त्यामुळे त्यांच्या डिस्क तपासणे गावकऱ्याच्या हाती नाही. गावात असतात ती पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायटी, शाळा यांची यंत्रे. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातून सोसायट्यांचे हिशेब एका सामाईक यंत्रणेवर येत आहेत. तरीही अनेक छोट्या संस्थांचा कारभार कार्यालयाच्या कोपऱ्यातील एकाच संगणकावर चालतो. पावसाळ्यातील दमट हवा, धूळ आणि वारंवार जाणारी वीज हे डिस्कचे शत्रू तिथे कायम मुक्कामाला असतात.

अशा संस्थेला महागड्या यंत्रणेची गरज नाही. हिशेबाच्या तीन प्रती, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातील एक कार्यालयाबाहेर, हा जगभर पाळला जाणारा नियम इथेही पुरतो. बाहेरची डिस्क बॅकअप झाल्यावर काढून ठेवायची, कारण जोडलेलीच राहिली तर विजेचा झटका दोघींनाही बसतो. यूपीएसची बॅटरी वेळेवर बदलायची. महिन्यातून एकदा ‘स्मार्ट’चे आकडे तारखेसह वहीत लिहायचे, म्हणजे वाढ दिसते.

सर्वात महत्त्वाचे आणि सर्वात दुर्लक्षित काम शेवटचे. तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधील एखाद्या दिवसाची खतावणी दुसऱ्या संगणकावर उघडून पाहायची. ‘बॅकअप पूर्ण’ असा संदेश रोज येतो, पण ती प्रत उघडते की नाही हे उघडल्याशिवाय कळत नाही. लेखापरीक्षक रोख मोजून घेतात, मग संचालक मंडळाने बॅकअप उघडून दाखवायला सांगणे यात गैर काही नाही.

सरकारी सेवांना हीच फूटपट्टी का नसावी?

२०२४ च्या पावसाळ्यात ई-पॉस यंत्रांच्या सर्व्हरच्या अडचणींमुळे राज्यात रेशनचे धान्य ऑफलाइन वाटण्याची मुभा द्यावी लागली. ती सोय योग्यच होती, कारण यंत्रणा बंद असली तरी धान्य थांबले नाही. सातबारा, फेरफार किंवा दस्तनोंदणी अशी हाताने पुढे ढकलता येत नाही. तिथे ‘उद्या या’ म्हणजे बुडालेला रोज, पुन्हा एसटीचे भाडे आणि कधी हुकलेली मुदत.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार अधिसूचित सेवांसाठी दिवसांची मुदत ठरलेली आहे. शेअर बाजाराला सेबीने मिनिटांची मुदत दिली. मग मधला प्रश्न साधा आहे. सर्व्हर बंद पडला तर तो किती वेळात सुरू व्हावा, हे प्रत्येक सेवेसाठी ठरवून जाहीर करायला काय हरकत आहे? बंद होता तो काळ सेवेच्या आणि अर्जाच्या मुदतीत आपोआप वाढवून देता येईल. आणि टोकियो शेअर बाजाराने किंवा एनएसईने केले तसे, बिघाडाचे कारण लेखी प्रसिद्ध करता येईल. गर्दी होती, केबल तुटली होती की डिस्क गेली होती, यांपैकी काय झाले हे कळले तरच पुढच्या निविदेत काय मागायचे ते ठरते.

डिस्क बिघडणारच. ती कोणत्या दिवशी बिघडेल हे सांगता येत नसले, तरी त्या दिवशी सेवा केंद्राच्या खिडकीवर काय उत्तर मिळावे हे आधी ठरवता येते.